गोदी

क्लायपेदाच्या धक्क्यावर मी रात्रपाळीला क्रेन चालवतो,
चाळीस मीटर वर, काचेच्या खोक्यात,
दोन दांडे हातात आणि खाली कंटेनर.
सकाळी सातला घरी येऊन
पुन्हा दोन दांडे हातात घेतो.
रासा म्हणते, या माणसाला सुट्टी कशाशी खातात ते माहीत नाही.

हा कंट्रोलर मुलीने पाठवला, ओल्बोर्गहून,
पहिल्या पगारातला.
स्मिल्ते तिचं नाव. आमच्याकडे वाळूत उगवणारं
एक बारीक पांढरं फूल असतं, त्यावरून.
खोक्यावरची किंमत मी नखाने खरवडून काढली,
रासाने बघू नये म्हणून.
रासाने आधीच पाहिली होती.

सोबत एक काळी गोदी.
कंट्रोलर तिच्यावर टेकवायचा;
त्याच्या पोटाखालच्या पितळी टिकल्या
तिच्या टिकल्यांपाशी आल्या
की चुंबक उरलेलं बोटभर अंतर स्वतःच ओढून घेतं.
हे ओढणं माझ्या ओळखीचं.
टग बोटी एवढ्या थोरल्या जहाजाला
शेवटी अशाच आणून लावतात,
एखाद्या झोपलेल्या पोराला कडेवरून उतरवावं तसं.
मग नारिंगी दिवा,
मंद होतो, वाढतो, मंद होतो.
गोदीच्या पाठीत नखाएवढा डोंगल,
तो काढून टीव्हीला लावायचा.
केबलसाठी वर एक भोक आहे,
त्यात महिन्याभरातच शहाजिऱ्याचा दाणा अडकला.
काळा पाव खात खेळू नकोस, असं मी
तिला दहा वर्षं ओरडत होतो.

"बाबा, पाठीवरचा खटका बघ," ती फोनवर शिकवायची,
"तीन खाचा. मधली बंद.
उजवी डोंगलची, तीच ठेव.
डावी ब्लूटूथची, तिच्या नादी लागू नकोस,
तिथे बटण दाबलं की ते विचार करून पोचतं."
मी हो म्हटलं.
बाप हो म्हणतात तसं.

रविवारी खेळायला बसलो.
ती समुद्रापलीकडे, मी इथे, पाय गरम पाण्याच्या घमेल्यात.
खेळात मासेमारीची एक बोट, दोघांनी मिळून चालवायची.
हेडफोनची पिन मी खालच्या गोल भोकात खोचली.
टक्कन बसली.
पण पोरगी बोलेना.
बोट निघाली. जाळं तिने टाकलं, मी ओढलं.
दमलीस का, विचारलं.
उत्तर नाही.
हेरिंगने जाळं भरलं, तरी हूं नाही की चूं नाही.

वीस मिनिटं मी हिशेब केला.
नाताळात तिच्या मित्राच्या केसांवरून बोललो होतो.
त्याखाली आणखी एक निघालं:
ती निघाली त्या सकाळी मी पाळी बदलून घेतली नव्हती,
वरून, काचेतून, फेरी जाताना पाहिली होती.
कंटेनरचं असंच असतं,
हवा तो नेहमी तळाशी,
वरचे तीन हलवल्याशिवाय हात लागत नाही.
शेवटी माफी मागितली.
मोठ्याने, माइकमध्ये,
केसांची आधी, मग फेरीची.

पडद्यावर अक्षरं उमटली:
बाबा, तुझा आवाजच येत नाहीये. खटका डावीकडे आहे ना?

डावीकडेच होता.
ब्लूटूथवर ते गोल भोक म्हणे नुसतं भोक असतं,
पिन बसते, आवाज जात नाही, येत नाही.
उजवीकडे सरकवला
आणि ती हसण्याच्या मधूनच सुरू झाली,
जणू दार उघडं होतं आणि मीच भिंतीकडे तोंड करून बसलो होतो.
"काय म्हणत होतास मघाशी? ओठ हलवत असशील एकटाच."
"काही नाही," मी म्हटलं, "जाळं जड झालंय, डावीकडे घे."

रात्री कंट्रोलर गोदीत ठेवला.
स्वयंपाकघरातून रासा म्हणाली,
"केसांचं राहू दे.
ते फेरीचं मात्र पुन्हा सांग तिला.
खटका बघून."